आजोबांच्या विलायती नंबर प्लेटला ब्रासो लावू नका

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल यावा, फक्त शेवटपर्यंत वाचून मग यावा.

गेल्या दोन-तीन महिन्यांत आपल्या या पानावर जुन्या विलायती नंबर प्लेट्सचं पीक आलंय. कुणाच्या आजोबांनी लंडनहून येताना मोटारसायकल बोटीवर चढवली होती, कुणाच्या पणजोबांचा तिकडे गाडीला टेकून उभा असलेला फोटो आहे, कुणाच्या माळ्यावर पितळी भांड्यांच्या मागे काळी पाटी सापडली. छान आहे. पण प्रत्येक पोस्टमध्ये 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो असतात. 'आधी'मध्ये खरी वस्तू. 'नंतर'मध्ये काल दुकानातून आणल्यासारखी काळीभोर पाटी, त्यावर दुधासारखी पांढरी अक्षरं. खाली शे-दोनशे अंगठे, 'वा काका!', 'काय रिस्टोअर केलंय!'

रिस्टोअर नाही केलेलं. खाडाखोड केलीय.

हा शब्द मी विचार करून वापरतोय. आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं. चेकवर कुणी तारीख बदलून, अक्षर गिरवून, शाई ताजी करून आणली तर आम्ही त्याला 'वा, काय सुंदर चेक!' म्हणत नव्हतो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम 87 आम्हाला झोपेतही पाठ होतं: महत्त्वाचा फेरफार केला आणि संबंधिताची संमती नसेल तर त्याच्यापुरता तो कागद बाद. गिरवणाऱ्याचा हेतू चांगला होता, त्याला फक्त आकडा ठळक करायचा होता, हे ऐकून घ्यायचो आणि चेक परत करायचो. नंबर प्लेट हाही कागदच आहे, पत्र्यावरचा. आणि आजोबांची संमती तुम्ही कुठे घेतलीत?

आता कुणी विचारेल, बडोद्यातल्या म्हाताऱ्याला इंग्लंडच्या पाट्यांचं एवढं काय? सांगतो. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, ही आपली गावं संस्थानी. कुणी दरबारच्या स्कॉलरशिपवर, कुणी शेत गहाण टाकून, मुलगे विलायतेला गेले. बॅरिस्टर झाले, डॉक्टर झाले, कारखान्यांतून इंजिनियरिंग शिकले. येताना ट्रंक भरून वस्तू आणल्या आणि एकदोन फोटो आणले. त्या फोटोंमध्ये गाडी हमखास असायची. स्वतःची असो नसो, घरी पाठवायला गाडीशेजारी उभं राहून काढलेला फोटो बरा दिसे. त्यांच्यातल्या बहुतेकांनी डायरी लिहिली नाही. पत्रं वाळवीने खाल्ली. फोटोच्या मागे 'लंडन' एवढंच लिहिलेलं, तेही वीस वर्षांनी कुणीतरी अंदाजाने. अशा फोटोत खात्रीचा मजकूर एकच उरतो, तो म्हणजे नंबर प्लेट. तीच तुम्ही रंगवून टाकता.

ती वाचायची कशी हे आधी बघू. म्हणजे काय पुसलं जातंय ते कळेल.

ब्रिटनमध्ये मोटारींची नोंदणी आणि पाटी सक्तीची झाली ती 1903 च्या मोटार कार अ‍ॅक्टने, अंमल 1 जानेवारी 1904 पासून. नोंदणी लंडनच्या एका कचेरीत होत नव्हती, प्रत्येक काउंटी आणि मोठ्या शहराच्या कौन्सिलकडे होती. प्रत्येक कौन्सिलला अक्षरांचा कोड. इंग्लंड-वेल्समध्ये एकेरी अक्षरं लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने वाटली: ए लंडनला, बी लँकेशायरला, सी यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगला. मग एए, एबी अशी जोडाक्षरं. स्कॉटलंडच्या बहुतेक कोडांत एस, आयर्लंडच्या कोडांत आय. प्रत्येक कोडापुढे 1 ते 9999 आकडे. कोड संपला की दुसरा कोड.

मोठ्या काउंट्यांना हे पुरेना. म्हणून जुलै 1932 मध्ये स्टॅफर्डशायरने आपल्या आरएफ कोडाच्या आधी एक अक्षर जोडलं आणि एआरएफ 1 पासून सुरुवात केली. इथून तीन अक्षरी पाट्या. त्यात पहिलं अक्षर नुसतं क्रमाचं असतं, गाव कळतं ते शेवटच्या दोन अक्षरांवरून. हे कृपया डोक्यात पक्कं बसवा, कारण आपल्याकडे सगळे पहिली दोन अक्षरं घेऊन गुगल करतात आणि भलत्याच काउंटीला जाऊन पोचतात. 1953 पासून जिथे नंबर संपत आले तिथे आकडे आधी आणि अक्षरं नंतर असा उलटा क्रम आला. 1963 पासून शेवटी वर्षाचं अक्षर: ए म्हणजे 1963, बी म्हणजे 1964, सी म्हणजे 1965, आणि त्या साली ते सगळीकडे सक्तीचं झालं. पिवळ्या-पांढऱ्या चकाकणाऱ्या पाट्या 1968 पासून चालू लागल्या आणि 1 जानेवारी 1973 पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झाल्या.

उदाहरणं प्रसिद्ध गाड्यांचीच घेतो. 1948 ची सुरुवातीची लँड रोव्हर, तिचा नंबर एचयूई 166. एच सोडा, यूई म्हणजे वॉरिकशायर, कारखाना तिथेच सॉलिहलला. एमजीवाले ज्या 1925 च्या गाडीला 'ओल्ड नंबर वन' म्हणतात ती एफसी 7900, एफसी म्हणजे ऑक्सफर्ड शहर. 1961 ला जिनिव्हाला जग जिंकणारी जॅग्वार ई-टाइप 9600 एचपी, एचपी म्हणजे कॉव्हेंट्री. इयान अ‍ॅपलयार्डने रॅल्या जिंकल्या ती जॅग्वार एनयूबी 120. यूबी म्हणजे लीड्स, अ‍ॅपलयार्ड लीड्सचाच.

आणि आता रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट, 1907 ची, एएक्स 201. एएक्स म्हणजे मॉनमथशायर. कारखाना तेव्हा मँचेस्टरला होता. मॉनमथशायर कुठून आलं? चार्ल्स रोल्सच्या घराण्याची हवेली त्या काउंटीत होती. म्हणजे पाटी काय सांगते बघा. गाडी कुठे बनली ते सांगत नाही. फोटो कुठे काढला ते सांगत नाही. शेजारी उभा असलेला माणूस मालक आहे का तेही सांगत नाही. गाडीची पहिली नोंदणी कुठे झाली आणि साधारण केव्हा झाली, एवढंच ती सांगते, आणि ते छातीठोकपणे सांगते. गाडी विकली तरी नंबर सहसा गाडीबरोबर जायचा. तेव्हा लँकेशायरची पाटी बघून 'आजोबा मँचेस्टरला राहत होते' असं ठरवू नका. विद्यार्थी जुनी गाडी घेणार, ती कुठूनही आलेली असणार.

अजून एक गंमत. जुनी निगेटिव्ह उलटी धरून छापलेले फोटो आपल्या अल्बमांत भरपूर आहेत. माणसं उलटी झालेली कळत नाहीत, कोटाची बटणं बघायला कुणाला सुचत नाही, पण पाटी लगेच चुगली करते. तेवढ्याने घरातल्या डावखुऱ्या आत्याचा प्रश्न सुटल्याचं मी पाहिलंय. आत्या डावखुरी नव्हतीच.

आता ज्या गोष्टीमुळे मी चिडलो ती सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, घर आपल्यातलंच आहे.

त्यांच्याकडे एक फोटो. कोट, टाय, हॅट घातलेला तरुण, मागे छोटी गाडी. घरात पक्कं ठरलेलं की हे मोठे आजोबा, शिकून 1928 ला परत आले ते. फोटो फिकट झालेला म्हणून नातवाने मोबाईलमधल्या कुठल्याशा एआय अ‍ॅपमध्ये टाकला. अ‍ॅपने चेहरा तुकतुकीत केला, आकाशाला निळं केलं आणि पाटीवरची अक्षरं 'स्पष्ट' केली: दोन अक्षरं, चार आकडे. अगदी 1928 ला शोभेल अशी. पोस्टखाली टाळ्यांचा कडकडाट.

मी वहिनींना फोन करून मूळ फोटो मागवला. वहिनी जरा नाखूष होत्या, 'त्यात काही दिसत नाही हो काका, आणि आता नवीन चांगला केलाय ना' म्हणाल्या. तरी पाठवला. भिंग लावून पाहिलं. पाटीच्या डाव्या कडेला मडगार्डची सावली आहे आणि त्या सावलीत एक अक्षर आहे. नीट दिसतं. म्हणजे अक्षरं तीन, शेवटची दोन डीयू, आकडेही तीनच. तीन अक्षरी पाटी 1932 च्या जुलैआधी असूच शकत नाही. 1928 ला मुंबईच्या बोटीतून उतरलेला माणूस त्या गाडीशेजारी उभा राहणार कसा?

अ‍ॅपला सावलीतलं अक्षर समजलं नाही, त्याने ते धुवून टाकलं आणि रिकाम्या जागी एक आकडा मनाने घातला. मशिनला दोष देत नाही, त्याला काय ठाऊक स्टॅफर्डशायर आणि 1932. दोष त्याला 'रिस्टोअर' म्हणणाऱ्यांचा.

मग तो कोण? घरात एक धाकटे आजोबाही होते. ते तिसाच्या दशकात कॉव्हेंट्रीला कारखान्यात शिकायला गेले, तिथेच लग्न केलं, परत आलेच नाहीत. त्यांचं नाव घरात काढायचं नाही असा दंडक होता, आणि त्यांचा एकही फोटो नाही असं तीन पिढ्या समजून होत्या. डीयू हा कॉव्हेंट्रीचा कोड. ट्रंकेच्या तळाशी कॉव्हेंट्रीच्या पोस्टाचा शिक्का असलेलं एक रिकामं पाकीटही निघालं. नुसत्या कोडावरून मी पैज लावली नसती, गाडी जुनी घेतलेली असू शकते, पण तारीख आणि पाकीट एकत्र आले की हिशोब जुळतो. ज्या माणसाला घराने पुसलं, त्याचा एकुलता एक फोटो भावाच्या नावावर टिकून होता, आणि पाटीमुळे तो आपल्या नावावर येत होता. तेवढ्यात अ‍ॅपने त्याला दुसऱ्यांदा पुसलं.

यावर मला एक कॉमेंट आली, 'काका, एवढं काय, जुनं प्रकरण कशाला उकरायचं?' उकरू नका हवं तर. पण पुसायचा अधिकार तरी तुम्हाला कुणी दिला?

फोटोंबद्दल एवढंच. मूळ स्कॅन वेगळा ठेवा, मशिनने सजवलेला फोटो टाकायचाच असेल तर त्याच्या कपाळावर तसं लिहा.

आता प्रत्यक्ष पत्र्याच्या पाट्यांकडे येतो. इथे अपराधी दोन: ब्रासोची बाटली आणि गल्लीतला बोर्ड रंगवणारा पेंटर. पेंटरवर माझा राग नाही, त्याला सांगितलं तसं त्याने केलं. दुकानाची पाटी आणि ही पाटी यांतला फरक त्याला आपण सांगायचा होता.

पाट्या अनेक जातींच्या असतात. सगळ्यात जुन्या म्हणजे सपाट पत्र्यावर किंवा लाकडी फळीवर ब्रशने हाताने लिहिलेल्या. काही अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव, अक्षरं उठावाची, हातात घेतली की जड. काहींत सुटी धातूची अक्षरं काळ्या पत्र्यावर रिवेटने बसवलेली. तिसाच्या दशकापासून दाबून उठवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाट्या आल्या, त्यांची अक्षरं रंगवलेली नसतात, उघड्या धातूची चंदेरी असतात आणि भोवतालचा भाग तेवढा काळा. कॉव्हेंट्रीच्या कॉर्नरक्रॉफ्ट कंपनीच्या 'एस' छापाच्या पाट्या, वोल्स्टनच्या ब्लूमेल्सच्या पाट्या, ही त्या धंद्यातली मोठी नावं. ब्लूमेल्सवाले सायकलचे पंपही करायचे, आपल्यातल्या जुन्या सायकलवाल्यांनी नाव ऐकलं असेल. पन्नास-साठच्या दशकात प्लास्टिकची सुटी अक्षरं आली. मोटारसायकलची पुढची पाटी वेगळीच: मडगार्डच्या गोलाईवर उभी बसणारी, कोयत्यासारखी वाकवलेली, दोन्ही बाजूंना नंबर. ती तिकडे 1975 पासून गरजेची राहिली नाही. आपल्याकडे मागे एका सदस्याने अशी वाकडी पाटी 'ठोकून सरळ' करून फ्रेममध्ये बसवली. देवा!

जात ओळखली की काळ ओळखतो. 1926 च्या नंबरची पाटी प्लास्टिकच्या अक्षरांची असेल तर ती गाडी साठच्या दशकातही रस्त्यावर होती आणि तिची पाटी मध्येच कुणीतरी बदलली, हा गाडीच्या आयुष्याचा पुरावा आहे. उलट पाटी हाताने लिहिलेली असेल तर ब्रशचे फटकारे दिसतात. अक्षरांची मापंही ठरलेली होती: उंची साडेतीन इंच, रुंदी अडीच इंच (1 आकडा सोडून), रेघेची जाडी पाच-अष्टमांश इंच, दोन अक्षरांत अर्धा इंच अंतर. युद्धानंतरच्या पुष्कळ पाट्यांवर अक्षरं जरा ठेंगणी, तीन आणि एक-अष्टमांश इंचांची. आपला पेंटर यातलं काही मोजत नाही. तो दुकानाच्या बोर्डावरचा 1 काढतो, त्याला वर शेंडी आणि खाली पाट. झिरो आणि ओ वेगळे करून दाखवतो. मग ती पाटी रावपुऱ्यातल्या एखाद्या दुकानाची दिसते, बर्मिंगहॅमची नाही.

आणि रंगवण्याआधी तो काचकागद मारतो. त्या काचकागदाखाली काय जातं बघा. मागच्या बाजूला किंवा कोपऱ्यात असलेला बनवणाऱ्याचा बारीक छाप. जुन्या रंगाचे थर, ज्यांवरून कळतं की पाटी किती वेळा रंगवली. क्वचित खालच्या थरात दुसराच नंबर असतो, कारण गॅरेजवाले जुना पत्रा पुन्हा वापरायचे. ज्यादा भोकं, म्हणजे पाटी एकाहून जास्त गाड्यांवर किंवा जागांवर बसलेली. 'भोकं बुजवून प्लेन केली' हे वाक्य मी अभिमानाने लिहिलेलं वाचलंय!

ब्रासो त्याहून वाईट. दाबून उठवलेल्या पाटीवर ब्रासो घासला की अक्षरं चमकतात हे खरं, पण कडेचा मूळ काळा रंग फडक्यावर येतो, पांढरट पूड अक्षरांच्या खाचांत बसते ती बसतेच. मग घरवाले म्हणतात, रंग गेला, आता रंगवावंच लागेल. एका चुकीने दुसरीचं बिल फाडलं.

मग करायचं काय? फार थोडं. आधी दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून, तिरक्या उजेडातही एक, म्हणजे बुजलेलं अक्षर उठून दिसतं. मग मऊ ब्रशने धूळ. रंग घट्ट असेल तरच कोमट पाण्यात थेंबभर सौम्य साबण, सुती फडकं, लगेच कोरडं. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर पाणीसुद्धा नको, हात लावू नका, पातळ कागदात सैल गुंडाळून सपाट ठेवा आणि म्युझियमचं काम करणाऱ्या माणसाला विचारा. बडोद्यात राहून म्युझियमचा माणूस सापडत नाही असं मला कुणी सांगू नये. बाहेरच्या भिंतीवर, पावसात, तुळशीवृंदावनाशेजारी पाटी टांगू नये. बस.

'पण काका, गाडी चालती आहे, रॅलीत न्यायची आहे, नंबर वाचता आला पाहिजे.' हा मुद्दा खरा आहे आणि मी तो मान्य करतो. चालत्या गाडीची पाटी वाचता आलीच पाहिजे. तर मग नवी बनवा! जुनी काढून आत ठेवा, मापाने नवी करून घ्या, मागे बारीक अक्षरांत साल घाला. ब्रिटनमध्ये लोक हेच करतात. 1980 आधी बनलेल्या गाड्यांना ऐतिहासिक वाहनाच्या वर्गात काळी-पांढरी पाटी अजून चालते आणि ती बनवून देणारी दुकानं आहेत. तिथे इंग्लंडमध्ये रस्त्यावरची पाटी बनवून घ्यायला 2003 पासून गाडीचे कागद आणि ओळखपत्र दाखवावं लागतं, आपल्यासारखं 'भैया, एक नंबर प्लेट बना दो' नाही. आपल्याकडेही 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्याने नोंदवलेल्यांना व्हीए मालिका, आणि आधीच नोंदलेल्यांना जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे सरकारलासुद्धा कळलं की जुना नंबर राखायचा असतो. सरकारला कळतं आणि आपल्याला नाही?

आता पैशाची अफवा. हा विषय माझा, म्हणून स्पष्ट बोलतो. ग्रुपांवर फिरतंय की जुनी ब्रिटिश पाटी लाखो पौंडांना जाते, माळा शोधा. 2008 साली एफ 1 हा नंबर चार लाख चाळीस हजार पौंडांच्या घरात विकला गेला, 2014 साली 25 ओ पाच लाखांवर गेला, हे खरं. पण विकला गेला तो नंबर वापरण्याचा हक्क, पत्रा नव्हे. तुमच्या माळ्यावर आहे तो पत्रा. एफडीची पावती सापडली, पैसे ऐंशी वर्षांपूर्वी काढून नेलेले, अशी ही स्थिती. उलट या नंबरांच्या बाजारानेच तिकडे किती जुन्या गाड्यांचे मूळ नंबर काढून नव्या गाड्यांना लावले, आणि जुन्या बिचाऱ्या वयाला साजेसे उसने नंबर घेऊन फिरतात. किनरॉसशायरचा एसव्ही, पीबल्सशायरचा डीएस, अशा छोट्या स्कॉटिश काउंट्यांचे न वापरलेले नंबर त्यासाठी दिले जातात. म्हणून एसव्ही दिसला की आजोबा स्कॉटलंडला होते म्हणून नाचू नका, आधी फोटो कधीचा ते बघा.

आणि रजिस्टरं? इथे खरं दुखणं आहे. 1974 पासून नोंदणी कौन्सिलांकडून काढून स्वान्सीच्या संगणकाकडे गेली. ज्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी 30 नोव्हेंबर 1983 पर्यंत नोंद करवून घेतली नाही त्यांचे नंबर रेकॉर्डवरून गेले. कौन्सिलांची जाडजूड रजिस्टरं काही ठिकाणी काउंटीच्या दफ्तरखान्यात गेली, काही ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टने सांभाळली, आणि पुष्कळ सरळ रद्दीत गेली. जुना नंबर परत मिळवायला तिकडे व्ही 765 नावाचा फॉर्म आहे. मान्यताप्राप्त क्लबची शिफारस लागते, नंबर आणि चॅसीचं नातं दाखवणारा जुना कागद लागतो, आणि असा परत मिळालेला नंबर पुढे विकता येत नाही. तो नियम मला फार आवडतो.

म्हणून ट्रंकेत पाटीबरोबर जुनं लॉगबुक सापडलं, किंवा काचेवर लावायचा गोल टॅक्सचा कागद (1921 पासून 2014 पर्यंत तो तिकडे होता), तर ते पाटीहून मोलाचं. त्यात गाडीचा चॅसी नंबर, मालकांची नावं, पत्ते, कचेरीचे शिक्के. आजोबा कोणत्या गल्लीत राहत होते ते कदाचित तिथेच लिहिलेलं असेल. ते लॅमिनेट करू नका. हात जोडून सांगतो, लॅमिनेट करू नका.

एक आक्षेप राहिला, तो इंदूरच्या एका जुन्या मित्राने घेतला: 'गोऱ्यांच्या पत्र्यांचं एवढं कौतुक कशाला, आपल्या संस्थानी पाट्या आहेत ना?' अण्णा, अगदी मान्य. त्यांनाही हेच लागू. पण ही पाटी गोऱ्याची नाही. ती ज्या गाडीवर होती तिच्याशेजारी आपला माणूस थंडीत, उसन्या कोटात उभा होता. तो तिथे होता हे दाखवणारं दुसरं काही त्याने मागे ठेवलेलं नाही.

आणि 'पण छान दिसतं' याला माझ्याकडे उत्तर नाही. छान दिसतं खरंच. दिवाणखान्यात लावायला छान दिसणारी पाटी हवी असेल तर पेंटरला नवा पत्रा द्या, शंभर नंबर लिहून घ्या.

तर ज्यांच्याकडे पाटी किंवा फोटो आहे त्यांनी रंगाचा डबा उघडण्याआधी इथे टाकावं. पाटीच्या दोन्ही बाजू, फूटपट्टीसकट. फोटो असेल तर मूळ स्कॅन, अ‍ॅपमधून न काढलेला, मागच्या लिखाणासकट. माझ्याकडे काउंट्यांच्या कोडांची यादी वहीत उतरवलेली आहे, जेवढं वाचता येईल तेवढं वाचून सांगेन, संध्याकाळी सातनंतर. वहिनींच्या परवानगीने कॉव्हेंट्रीचा तो फोटो पुढच्या आठवड्यात टाकतोय, फिकटच. धाकट्या आजोबांबद्दल कुणाच्या घरी काही ऐकलेलं असेल तर कॉमेंटमध्ये नको, मला खाजगीत कळवा.